कान दाखवला नाही तोवर

"धनगरणीचं दूध पाजशील, तर तिचा घोरबी तुझ्याच पदरात पडंल, सूनबाई," असं सासूबाईंनी मला बजावलं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

माझी तारा तेव्हा तान्ही होती आणि मला दूध नव्हतं. शेळीचं दूध तिला पचेना. आमच्या आष्टीच्या वेशीबाहेर माळावर धनगरांची पालं असायची. त्यातल्या सारजाबाईला त्याच सुमारास मुलगा झाला होता, बंकट. ती आमच्या ओसरीवर येऊन बसली, एका अंगाला बंकट आणि दुसऱ्या अंगाला तारा घेतली आणि म्हणाली, "दोन कोकरांना पुरून उरंल, वैनी. तुमी निजा जरा. डोळ्याखाली काजळ सांडल्यावानी दिसाया लागलंय."

मी निजले नाही. तिच्यासमोर बसून तिची नखं पाहत राहिले, लुगड्याचा पदर धुतलेला आहे का ते पाहत राहिले. स्वभावच तसा, पहिल्या लेकरानं तो आणखी वाढवला. लग्नाआधी पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढल्यामुळे जंतू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आणि ज्याला ते ठाऊक असतं त्याला झोप कमीच लागते. पण दुधातून घोर उतरतो असं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

"आत्याबाई, घोर काय दुधात विरघळतो?" मी सासूबाईंना म्हटलं.

सासूबाईंचं नाव बायनाबाई. त्यांनी सुपातला खडा अंगणात भिरकावला. "बरं बाई. तू शिकलेली. आमी आपलं बोलून ठिवलं."

सारजाबाई येत राहिली, आणि तारेनं असं बाळसं धरलं की वेशीतल्या बायका दृष्ट काढायला सांगू लागल्या. दिवस कलला की सारजाचा नवरा तिला न्यायला यायचा. उंच, काटक माणूस. खांद्यावर काळं घोंगडं, हातात बाभळीची काठी. लहानपणी एका एडक्यानं शिंग मारलं तेव्हा त्याच्या डाव्या कानातली बाळी ओढली गेली आणि कानाची पाळी मधोमध फाटली, ती तशीच राहिली होती. सारजा त्यावरून त्याला चिडवायची. मेंढरं ओळखू यावीत म्हणून धनगर त्यांच्या कानाला चीर देतात ना, "तसं ह्यास्नी देवानंच चीर देऊन ठिवलीय. कुठं हरवले तर घावतील."

मात्र त्याचं नाव ती कधी घेत नसे. आमच्याकडे कुठलीच बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याच्या आयुष्याचा एक पदर उसवतो, अशी समजूत आहे. मंगळागौरीला, लग्नाकार्यात उखाण्यात गुंफून घेतलं तर चालतं. तिथे ते देवाच्या कानावर जाण्याआधी बायकांच्या हशात बुडून जातं. एरवी सारजा त्याला "बंकटचा बा" म्हणायची. मी आमच्या घरच्यांना "हे" म्हणते, आणि हे वाचून पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी हसतील तर खुशाल हसोत. त्यांनी एकदा सासूबाईंसमोर घेऊन दाखवावं.

गावातले बाकी सगळे त्याला सिदू म्हणायचे.

सिदू उंबऱ्याच्या आत येत नसे. तारा रांगत जाऊन त्याची काठी धरायची. तो जीभ टाळूला लावून मेंढरं वळवायचा आवाज काढायचा, "हुर्रर्र... हय!" आणि माझी मुलगी खरोखरच वळायची. "बगा वैनीसाब," तो म्हणायचा, "कोकरी कळपातली हाय." मला ते ऐकून आधी कसंसंच व्हायचं. मग सवय झाली. मग तो एखाद्या दिवशी आला नाही की मीच विचारायला लागले.

तारा पावलं टाकायला लागली त्या साली मेंढरांवर देवीचा रोग आला. माळावर रोज मेंढरं पडत होती. सिदूच्या कळपात आमच्याही घरची काही मेंढरं राखणीला होती. राखणीच्या मेंढरांची एक रीत आहे. मालक मोजून देतो आणि धनगरानं मोजून परत करायची. वाटेत एखादं मेलं तर त्याचा कान कापून आणून मालकाला दाखवायचा. कान दाखवला की मालकानं मानायचं की मेंढरू मेलं. कान नाही दाखवला, तर ते मेलं असं म्हणता येत नाही. विकलं असेल, चुकलं असेल, लांडग्यानं नेलं असेल. पण धनगराच्या माथ्यावर ते जिवंत मेंढरूच राहतं, आणि त्यानं ते शोधायचं.

सिदू एका दुपारी फडक्यात बांधून कान घेऊन आला. सासूबाईंसमोर एकेक काढून ठेवला. एवढा दांडगा माणूस, पण प्रत्येक कान बोटानं सारखा करत होता. मी तारेला उचलून माजघरात पळाले आणि तिचे हातपाय धुतले. पण खिडकीतून पाहत राहिले. सासूबाईंनी कान मोजले नाहीत. म्हणाल्या, "सिदू, झाक ते. तुझी किती राह्यली?"

"च्यार माद्या, आई."

त्यानंतर तो संध्याकाळी येईनासा झाला. सारजाला विचारलं तर म्हणाली, "वाडग्याला काटे लावत बसतेत." ते वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायचं काट्यांचं कुंपण. आत चार माद्या एका कोपऱ्यात, आणि हा माणूस रोज बाभळीच्या नव्या फांद्या आणून चहूबाजूंनी कुंपण भक्कम करत होता. गहिनीनाथाच्या जत्रेला गेला नाही, कुणाच्या औताला गेला नाही. दुसऱ्याच्या रानात नांगर धरायचं काम आमच्या घरच्यांनीच देऊ केलं होतं. तो म्हणाला, "मालक, नांगराचा बैल मागं बगत न्हाई. मला पाठीमागून मेंढराचा आवाज आल्याबिगर पाय उचलत न्हाईत."

जर्मनांशी लढाई सुरू होऊन तिसरं वर्ष चालू होतं. आष्टीच्या बाजारात त्याच सुमारास हरिबा आला. नगरच्या कुठल्याशा भरती करणाऱ्या एजन्सीचा तो मुकादम. डोक्यावर जरीचा फेटा, हातात मिटलेली छत्री, आणि आवाज असा की शेजारचा भांडीवाला आपली भांडी वाजवायचं विसरला. "समिंदरापल्याड बसऱ्याला सरकारची मेंढरं हायेत अन् राखणारा न्हाई! लष्कराच्या पोटाची मेंढरं! ज्याला मेंढरू कळतंय त्यानंच यावं. बंदूक न्हाई, कवायत न्हाई. अन्न, कपडा अन् पगार इंग्रजांच्या कलदार रुपयात, आपल्या निजामाच्या हाली शिक्क्यात न्हाई!"

सिदू बाजारातून थेट आमच्या ओसरीवर आला. बरोबर हरिबाला घेऊनच आला, कारण आमचे हे मुन्सिफ कोर्टात वकिली करतात आणि खरं-खोटं त्यांनी पारखावं. त्यांनी विचारायचं ते उर्दूमिश्रित वकिली भाषेत विचारलं. मग मी दाराआडून विचारलं. आमच्या घरात परक्या पुरुषासमोर सुनेनं येण्याची पद्धत नाही, पण दाराला आवाज अडत नाही.

"बोटीचं नाव काय?"

हरिबा दाराकडे पाहून गोंधळला. "बोटीला नाव आसतंय व्हय, बाईसाहेब? बोट ती बोट."

"म्हणजे तुम्ही ती पाहिली नाही."

"म्या समिंदरच पाह्यला न्हाई," हरिबा म्हणाला. "म्या माणसं नगरपत्तोर न्येतो. फुडं कंपनी अन् देव."

ओसरीवर हशा पिकला, आणि का कोण जाणे, माझा त्याच्यावर थोडा विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस समुद्राचं वर्णन करून सांगतो.

मग त्यानं अडचण सांगितली. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हद्दीत, भरतीची नावं घेता येत नाहीत, हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात, नगरला यावं लागेल. आणि लग्न झालेला असेल तर बायकोला बरोबर आणावं लागेल. "ह्यो नवा हुकूम हाय. मागच्या खेपंला एक गडी बायकूला बाजारला जातो म्हनला अन् बसऱ्याला गेला. बाई दोन लेकरं घिऊन सायबाच्या तंबूफुडं बसली, हललीच न्हाई. सायबानं लढाई पाह्यलीय, पर त्या बाईला भ्याला. आता बायकूनं सोता यायचं, आपल्या तोंडानं सांगायचं का आमच्या नवऱ्याला न्या, अन् नवऱ्याचं नाव घ्यायचं. मगच आंगठा."

सारजा खांबाला टेकून बसली होती. दोन्ही मुलं तिच्या मांडीवर. ती मुलांना थोपटत राहिली. सिदू तिच्याकडे न बघता म्हणाला, "हजारानं मेंढरं हायेत म्हनत्यात."

जायचं ठरलं तसं एक गोष्ट सगळ्यांच्या आधी सासूबाईंच्या ध्यानात आली. तारा अजून सारजाच्या दुधावर होती. सारजा नगरला निघाली म्हणजे तारा निघाली, आणि तारा निघाली म्हणजे मी. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दूध तिचं अन् गाडी आपली. म्या काय म्हनलं हुतं?"

"घोर नाही, आत्याबाई, नुसती गाडीच लागतेय," मी म्हटलं.

"निघ. वाटंत कळंल."

ह्यांची कोर्टात तारीख होती म्हणून गाडी म्हाळूनं हाकली. म्हाळू सिदूचा चुलतभाऊ, तोही भरतीला निघालेला. त्याचं लग्न झालं नव्हतं आणि त्याचा त्याला मोठा आनंद होता. "मला कुणाची परवानगी लागत न्हाई बे," तो सिदूला सारखा डिवचत होता. सारजा आतून म्हणाली, "म्हून तर कुणी पोरगी देत न्हाई, भावजी." हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ताडपत्री उचलून आत पाहिलं. "क्या माल है?"

"दोन बायका, दोन लेकरं," म्हाळू म्हणाला.

"इसपे महसूल नहीं. जाव."

नाका मागे पडला, पुरुष गाडीपुढे चालायला लागले, आणि सारजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, म्या गप राह्यले तर?"

मला आधी कळलं नाही.

"तितं. सायबाफुडं. म्या नाव घेतलंच न्हाई तर ह्यास्नी न्यायचे न्हाईत. अन् मला कुणी बोलबी लावायचं न्हाई. आसं कोन म्हनंल का सारजीनं नवऱ्याचं नाव कावून घेतलं न्हाई?"

मी तिच्याकडे पाहिलं. बंकट झोपला होता, तारा तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होती. तिनं हे आधीपासून मनात ठेवलं होतं, हे मला दिसत होतं. रडायची गरज नव्हती, भांडायची गरज नव्हती. फक्त सगळ्या जन्मभर जे केलं तेच करायचं. मी तिच्या जागी असते तर? माझं माणूस समुद्रापलीकडे लढाईच्या मुलखात निघालं असतं आणि मला नुसतं गप्प राहून ते थांबवता आलं असतं तर? मी तारेच्या मुठीतून ती पोत सोडवली. 

"मग?" एवढंच विचारलं.

"मंग काय. बगू."

नगरला लष्कराच्या छावणीजवळ, कडुनिंबाखाली, एजन्सीचा तंबू होता. मागे काटेरी तारांच्या कुंपणात मेंढरं होती, रेल्वेनं मुंबईला जायची. सिदूनं तंबू पाहिलाच नाही. तो आधी कुंपणाशी गेला आणि एका मेंढीचं खूर उचलून पाहू लागला. राखणदार ओरडला, तर सिदू त्याच्यावर ओरडला, "आरं, हिचं खूर सडाया लागलंय, हिला वली जागा कावून दिली?"

तंबूत टेबलापाशी साहेब बसला होता. गोरा, म्हातारा, मानेवर ओला रुमाल. शेजारी राधाकिशन नावाचा कारकून. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचा वैताग होता, कारण आमच्या आधीच्या बाईला त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्यास्नीच इचारा की, तितं उभे हायेत."

आमची पाळी आली. सिदू उभा राहिला. सारजा त्याच्या मागे, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. मी दोन्ही मुलांना धरून तिच्याशेजारी.

"राजी आहेस का?" राधाकिशननं विचारलं.

पदर हलला. हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

"नवऱ्याचं नाव बोल."

सारजानं पदर मुठीत धरला. तंबूच्या कापडावर निंबोळ्या पडत होत्या, तेवढाच आवाज.

"बाई, मागं रांग आहे. नाव बोल."

मला राहवलं नाही. आमच्याकडे असं अडलं की शेजारची बाई तिच्या वतीनं नाव सांगते, तशी मी सांगून बसले. "सिदू."

राधाकिशननं मान वर केली. "तुम्ही ह्याच्या बायको?"

रांगेतले सगळे हसले. म्हाळू सगळ्यांत मोठ्यानं. माझे कान तापले. साहेबानं इंग्रजीत विचारलं की काय चाललंय, आणि मी इंग्रजीतच सांगितलं की ही पत्नी आहे, लाजते आहे, नवऱ्याचं नाव घेणं आमच्यात अशुभ मानतात. साहेब चकित झाला, पण हुकूम तो हुकूम. तिच्याच तोंडून हवं.

हरिबा छत्री काखेत मारून पुढे झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आसं करा. तितं कडुनिंबाखाली एक बाई बसलीय, चार आण्यात कुनाचंबी नाव घेती. तिला उभी करतो. सायबाला काय कळतंय?"

पदराखालून सारजाचा आवाज आला, आणि तो सगळ्या तंबूनं ऐकला. "माझ्या जागी? माझ्या जागी दुसरी हुबी करतो व्हय रं, छत्रीवाल्या? मंग ह्यो तिकडून आला म्हंजी तिच्याच घरला धाडशील?"

हरिबा छत्रीसकट मागे सरला.

सिदू तेव्हा वळला. तिच्याकडे बघून हळू बोलला, पण मी अगदी जवळ होते. "तुझ्या मनाला यील तसं कर, सारजे. जोर न्हाई. न्हाई तर म्या हाय अन् वाडग्याचे काटे हायेत."

त्याच्या बोलण्यात रुसवा नव्हता. तो खरंच परत गेला असता, आणि चार माद्यांच्या कुंपणाला जन्मभर काटे लावत बसला असता. मी ते पाहिलं तसं तिनंही पाहिलं असेल. तिनं पदर हनुवटीवरून कपाळापर्यंत मागे सारला. साहेबाकडे सरळ पाहिलं. आणि लग्नातल्या बायका म्हणतात तशा सुरात, आवाज न कापता, म्हणाली:

"काळं घोंगडं खांद्यावर, हाती बाभळीची काठी,
सिदू माझा धाडते, सायबा, तुझ्या मेंढरांपाठी;
मोजून न्येतोस माणूस, तसा मोजून आण माघारी,
सिदूचं नाव घेतलंय म्या तुझ्या तंबूच्या दारी."

कुणी हसलं नाही. उखाण्याला हसायचं असतं, पण कुणी हसलं नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी ओळीला ओळ इंग्रजीत सांगितली. यमक काही आणता आलं नाही, पण 'मोजून आण' हे मी दोनदा सांगितलं, आणि राखणीच्या मेंढरांची रीतही सांगितली, कानासकट. साहेब बराच वेळ राधाकिशनशी बोलला.

"साहेब म्हणतात," राधाकिशन म्हणाला, "अशी अट आजवर कुणी घातली नव्हती."

"आता घातली म्हनावं," सारजा म्हणाली.

सिदूचा अंगठा झाला. मग राधाकिशन माझ्याकडे वळला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती, आणि माझ्या नावापुढे पतीचं नाव. "बोला. तुम्ही कोणाच्या पत्नी?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षं कॉलेज केलं, साहेबाशी इंग्रजीत बोलले, आणि हे एक नाव बाहेर येईना. सारजा माझ्याकडे वळून बघायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"घ्या वैनी. आता तुमची पाळी."

मला उखाणा जुळवता आला नाही. मी डोळे मिटले आणि नुसतं म्हटलं, "अर्जुनराव."

"आसं कोरडं?" सारजा म्हणाली, आणि मग मात्र तंबूतले सगळे हसले. साहेबसुद्धा, काहीच न कळता.

आगगाडी सुटायच्या वेळी कंपनीनं सगळ्यांना लाल ब्लँकेटं दिली. सिदूनं आपलं सारजाच्या अंगावर टाकलं आणि स्वतः घोंगडंच घेऊन डब्यात चढला. तारा त्याची काठी सोडेना. त्यानं जीभ टाळूला लावून तोच आवाज काढला, आणि ती माझ्याकडे वळली. मग तो म्हाळूला म्हणाला, "चल बे," आणि आमच्याकडे पाठ करून बसला. आम्हाला त्याचा फाटका कान दिसत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी नाव घेतलं हे ऐकल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि आपल्या मुलाला जेवताना एक भाकरी जास्त वाढली. उसवलेलं आयुष्य भरून यावं म्हणून असेल.

त्यानंतरचं मी अभिमानानं सांगते, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सारजानं त्या चार माद्या घेतल्या आणि सिदूनं भक्कम केलेल्या वाडग्यात वाढवल्या. एडका धर्मापुरीकडच्या धनगरांकडून मागून आणला. मानमोडीच्या तापाच्या साथीनं गावात घरंच्या घरं झोपली तेव्हा ती आमच्या दारात आली आणि मला म्हणाली, "तारीला द्या अन् तुमीबी चला. माळावर वारा हाय." आम्ही तिच्या पालात राहिलो. मी, जंतूंना भिणारी, मेंढरांच्या वासात माझ्या मुलीला घेऊन राहिले, आणि आम्ही चौघंही धडधाकट राहिलो. आज त्या वाडग्यात मेंढरं मावत नाहीत. सारजा काठी घेऊन पुढे चालते, आणि मागून येतात ते आवाज सिदूनं ऐकायला हवेत.

लढाई संपली आणि म्हाळू परत आला. हाडं दिसत होती, पण जीभ शाबूत. "तिकडली मेंढरं येगळीच हायेत, वैनीसाब. शेपटाला चरबीचं गठुळं बांधल्यावानी. सिदू पयल्या दिशी हसला, दुसऱ्या दिशी त्यांच्याशी बोलाया लागला. अरबी धनगरबी त्याला इचारूनच खूर बगायचे." म्हाळूला ताप आला म्हणून त्याला बोटीनं परत धाडलं. त्याच्या आधीच सिदूचा कळप नदीनं वर, अमारा नावाच्या गावाच्या बाजूला नेला होता. शेवटचं म्हाळूनं त्याला नदीकाठी पाहिलं, मेंढरांच्या मागून चालताना. पुढचं त्याला ठाऊक नाही. नगरला ह्यांनी जाऊन चौकशी केली. कडुनिंब आहे, तंबू नाही. हरिबा भेटला. छत्री न उघडताच म्हणाला, "म्या नगरपत्तोर नेलेलं, वकीलसाहेब. फुडं कंपनी अन् देव, हे म्या तवाच सांगितलेलं."

या चैत्रात धनगरांची पंचायत बसली. सिदूच्या भावकीतले लोक म्हणाले, लढाई संपून इतके दिवस झाले, सगळे आले, हा आला नाही. आता सारजानं बांगड्या उतरवाव्यात आणि कळप भावकीच्या हवाली करावा. मी बायकांच्या मागे, तारेला कडेवर घेऊन बसले होते. सारजा उठली. लाल ब्लँकेट तिच्या खांद्यावर होतं.

"पंच धनगरच हायेत न्हवं?" ती म्हणाली. "मंग मला सांगा, राखणीचं मेंढरू मेलं तर काय दावतेत?"

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "कान."

"म्या माझा माणूस मोजून दिलाय. सिदू त्याचं नाव, सायबाफुडं घेऊन दिलाय. फाटक्या पाळीचा कान हाय, चुकायचा न्हाई. त्यो कान मला दावा, म्या हितंच बांगड्या फोडते. कान दावला न्हाई तवर माझं मेंढरू जितं हाय, अन् ते शोधायचं काम नेणाऱ्याचं हाय."

पंचायत उठली. कळप तिच्याकडेच राहिला.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मुलं अंगणात एकमेकांना मेंढरं करून वळवत होती. तिनं हळूच विचारलं, "वैनी, म्या नाव घेतलं म्हून तर न्हाई ना झालं आसं?"

मी ओसरीकडे बोट दाखवलं. आमचे हे तिसरी भाकरी मोडत होते. "मीसुद्धा घेतलं होतं, आणि कोरडं घेतलं होतं. बघ."

ती हसली. पण मला त्यानंतर झोप नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या तसा घोर पदरात पडला आहे, आणि मी त्याची गाठ सोडणार नाही. तारेच्या अंगात त्या घरचं दूध आहे.

म्हणून हे लिहिते आहे. हे मासिक वाचणाऱ्यांत कुणाचा भाऊ बसऱ्याच्या गोदीत असेल, कुणाचा जावई तिकडच्या रेल्वेत किंवा तारखात्यात असेल, कुणी स्वतःच व्यापाराला त्या बाजूला जात असेल. नदीच्या वरच्या अंगाला, अमाऱ्याच्या पुढे, कुठे मेंढरांमागे एक उंच माणूस काळं घोंगडं घेऊन चालताना दिसला, तर त्याचा डावा कान पाहा. पाळी मधोमध फाटलेली असेल, तर त्याला नावानं हाक मारा. सिदू बिभीषण देवकाते, राहणार आष्टी. आम्ही दोघींनी ते नाव घेतलं आहे, तुम्हीही मोकळेपणानं घ्या. तो बरा आहे का, जेवतो का, आणि परतीच्या बोटीत त्याला कुणी मोजलं नाही का, एवढं विचारा. आणि त्याला सांगा की वाडगं भरलंय.